लंडनमध्ये सहा दिवस : काय पाहावे, कसे पाहावे

"लंडनला जाऊन काय पाहून आलात?" हा प्रश्न मला कचेरीत, विहारात, लग्नाच्या पंगतीत कितीदा तरी विचारला गेला. विचारणाऱ्याच्या मनात उत्तर आधीच तयार असते. राजवाडा, घड्याळाचा मनोरा आणि मधोमध उघडणारा पूल. हे सर्व मीही पाहिले आणि ते पाहण्यासारखे आहेच. पण आपल्यासारख्या पगारावर जगणाऱ्या माणसाने आयुष्यात एकदा तिकडे जायचे ठरविले, तर हाती असलेले दिवस आणि खिशातले पौंड कुठे खर्च करावेत, हा खरा प्रश्न आहे. एका पौंडाला शंभराहून अधिक रुपये मोजावे लागतात. तेव्हा चुकीच्या तिकिटासाठी रांगेत उभे राहिलो तर इकडच्या आठवड्याच्या बाजाराचे पैसे तिकडे एका तासात संपतात.

माझा भाचा राज्य शासनाच्या परदेश शिष्यवृत्तीवर तिकडे शिकायला गेला होता. त्याचे शिक्षण संपत आले तेव्हा त्याने हट्टच धरला. "मामा, मी इथे आहे तोवर तुम्ही आणि मामी येऊन जा. राहण्याचा खर्च नाही, मग पुढे जमणार नाही." त्यामुळे आम्हा उभयतांचे सहा दिवसांचे जाणे झाले. त्या सहा दिवसांत जे पाहिले, त्यातले वाचकांना उपयोगी पडेल ते येथे देत आहे.

पैसे न घेणारी संग्रहालये

सर्वांत आधी आनंदाची गोष्ट सांगतो. लंडनमधील मोठी राष्ट्रीय संग्रहालये विनामूल्य आहेत. ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी, सायन्स म्युझियम, नॅचरल हिस्टरी म्युझियम, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम यांच्या कायम दालनांना तिकीट नाही. काही खास प्रदर्शनांना मात्र पैसे पडतात. दारात देणगीची पेटी असते. टाकायचे तर टाका, नाही टाकले तर कोणी विचारत नाही. काही ठिकाणी आधी इंटरनेटवर वेळ नोंदवून ठेवावी लागते, त्यालाही पैसे नाहीत. २४ ते २६ डिसेंबर हे दिवस सोडले तर बहुतेक संग्रहालये वर्षभर उघडी असतात.

मुले बरोबर असतील तर साऊथ केन्सिंग्टन या एकाच भागात सायन्स, नॅचरल हिस्टरी आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट ही तीन संग्रहालये हाकेच्या अंतरावर आहेत. नॅचरल हिस्टरी म्युझियमची इमारत १८८१ मध्ये उघडली. तिच्या मुख्य दालनात छताला निळ्या देवमाशाचा २५.२ मीटर लांबीचा खराखुरा सांगाडा टांगलेला आहे. त्याखाली उभे राहिले की आपली एस.टी.ची गाडीही लहान वाटावी. सायन्स म्युझियममध्ये 'पफिंग बिली' नावाचे वाफेचे इंजिन आहे. १८१३-१४ च्या सुमाराचे हे इंजिन आज शिल्लक असलेल्या रेल्वे इंजिनांत सर्वांत जुने. तेथेच चंद्राला प्रदक्षिणा घालून आलेल्या अपोलो १० चे, अंतराळवीर बसले होते ते यान आहे. रेल्वेत नोकरी केलेल्या घरातल्या माणसाने पहिले इंजिन तर पाहिलेच पाहिजे.

ब्रिटिश म्युझियम आणि अमरावतीचे दगड

ब्रिटिश म्युझियमची स्थापना १७५३ ची, लोकांसाठी ते १७५९ मध्ये उघडले. संग्रहात सुमारे ८० लाख वस्तू आहेत. सगळे पाहायचे म्हटले तर पाय मोडतील आणि लक्षात काहीच राहणार नाही. म्हणून तीनच ठिकाणे ठरवून जावे, असे माझे मत आहे.

पहिले ठिकाण रोझेटा शिळा. इसवी सनापूर्वी १९६ मधला हा काळा दगड. त्यावर एकच मजकूर तीन लिप्यांत कोरला आहे. त्यांपैकी ग्रीक लिपी विद्वानांना वाचता येत होती. तिच्या आधारे शांपोल्यों या फ्रेंच माणसाने १८२२ मध्ये प्राचीन इजिप्तची चित्रलिपी उलगडली. शेकडो वर्षे मुकी झालेली एक संस्कृती एका दगडामुळे पुन्हा बोलू लागली. आपल्याकडे जेम्स प्रिन्सेपने १८३७ च्या सुमारास ब्राह्मी लिपी वाचली आणि सम्राट अशोक पुन्हा जगापुढे आला, ती गोष्ट या दगडासमोर उभे राहिल्यावर आठवते.

दुसरे ठिकाण खोली क्रमांक ३३ अ. येथे अमरावतीच्या स्तूपाची शिल्पे आहेत. आंध्र प्रदेशात कृष्णा नदीच्या काठी हा महाचैत्य उभा होता. इसवी सनापूर्वीच्या शतकांत त्याची सुरुवात झाली आणि पुढे कित्येक शतके त्यावर कोरीव काम होत राहिले. पुढे तो ओस पडला, मातीखाली गेला. अठराव्या शतकाच्या शेवटी तेथल्या जमीनदाराच्या माणसांनी बांधकामासाठी दगड उकरायला सुरुवात केली. १७९७ च्या सुमारास कॉलिन मॅकेन्झी या इंग्रज अधिकाऱ्याच्या कानावर ही गोष्ट गेली. त्याने पुढे परत येऊन नकाशे आणि रेखाटने करवून घेतली. १८४५ मध्ये वॉल्टर इलियट यांनी खोदकाम करून पुष्कळ शिल्पे मद्रासला नेली. १८५९ मध्ये त्यांतील मोठा भाग जहाजाने लंडनला रवाना झाला. तेथे पोहोचल्यावर काही काळ त्यांना धड जागाही मिळाली नाही. अखेर १८८० मध्ये ती ब्रिटिश म्युझियमकडे आली. आज तेथील संग्रहात १२० हून अधिक शिल्पे आहेत.

हे दालन काचेने बंद केलेले आहे. आतली हवा एका ठरावीक प्रमाणात ठेवतात, कारण पलनाडचा हा चुनखडीचा दगड नाजूक आहे. आत गेल्यावर सौ. बराच वेळ काही बोलली नाही. मग हळूच म्हणाली, "अहो, यात भगवंत कुठे आहेत?" प्रश्न बरोबर होता. सुरुवातीच्या शिल्पांत बुद्धाची मूर्ती नाही. बोधिवृक्ष आहे, त्याखाली रिकामे आसन आहे, पावलांचे ठसे आहेत, धम्मचक्र आहे. भोवती माणसे हात जोडून उभी आहेत. त्या काळचे शिल्पकार बुद्धाचे अस्तित्व अशा खुणांनीच दाखवीत. नंतरच्या शिल्पांत मूर्ती येते.

यातील एक शिळा अवश्य शोधून पाहावी. तिच्या एका बाजूला बोधिवृक्ष, रिकामे आसन आणि वंदन करणारे लोक आहेत. हे काम इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातले. पुढे तीनएकशे वर्षांनी तीच शिळा उलटी फिरवून दुसऱ्या बाजूला अख्खा स्तूप कोरला. त्यावरून संपूर्ण महाचैत्य कसा दिसत असेल ते कळते. घुमट, कठडा, दारापुढचे पाच खांब, वर उडणाऱ्या आकृती, सर्व काही. जागेवर आज जे उरले आहे ते बुटके आहे. स्तूपाचे जुने रूप पाहायचे तर या शिळेसारखी दुसरी साक्ष मिळणे कठीण.

आणखी एक गोष्ट आपल्या वाचकांनी लक्षात ठेवावी. अमरावतीच्या शिळांवर दान देणाऱ्यांची नावे प्राकृत भाषेत आणि ब्राह्मी लिपीत कोरलेली आहेत. त्यांत भिक्खू, भिक्खुणी, व्यापारी, गृहिणी आहेत. त्यांतच विधिक नावाचा एक चर्मकार आहे. त्याने कुटुंबासह पूर्णघट कोरलेली शिळा दान दिल्याची नोंद आहे. दोन हजार वर्षांपूर्वी चामड्याचे काम करणारा माणूस आपल्या धंद्याच्या नावासह, मान वर करून, महाचैत्याच्या दगडावर नाव कोरवून घेत होता. भाच्याने हे सांगितले तेव्हा त्या दालनातून लवकर बाहेर पडावेसे वाटेना.

हे दगड येथे का, असा प्रश्न मनात येतोच. इंग्रजांनी नेले नसते तर चुन्याच्या भट्टीत गेले असते, असे एक उत्तर दिले जाते. त्यात थोडे तथ्य आहे, कारण पुष्कळ दगड खरोखरच तसे गेले. पण तेवढ्याने मालकी बदलते का? ज्यांच्या पूर्वजांनी ते घडविले आणि दान दिले, त्यांच्या लेकरांना ते पाहायला व्हिसा काढावा लागतो, हेही तितकेच खरे आहे. प्रत्येकाने तेथे उभे राहून आपले मत बनवावे.

तिसरे ठिकाण म्हणजे म्युझियमच्या मधोमध असलेले गोल वाचनालय. १८५७ मध्ये ते उघडले. घुमटाचा व्यास १४० फूट आहे. कार्ल मार्क्सने येथे बसून वर्षानुवर्षे वाचन केले. लेनिनने १९०२ मध्ये जेकब रिख्टर या नावाने प्रवेशपत्र मिळविले. आणि आपले बाबासाहेब येथे दार उघडायच्या वेळी आत शिरत व दार बंद होईपर्यंत उठत नसत, हे आपण चरित्रांत वाचले आहे. आता तेथली पुस्तके सेंट पँक्रसच्या ब्रिटिश लायब्ररीत गेली आहेत आणि घुमटाभोवतीचे अंगण २००० मध्ये काचेच्या छताने झाकले आहे. वाचनालयात आत केव्हा सोडतात हे आधी चौकशी करून जावे. नाही सोडले तरी बाहेरून त्या गोल भिंतीला हात लावता येतो. आम्ही लावला.

किंग हेन्रीज रोड, घर क्रमांक १०

भुयारी रेल्वेच्या नॉर्दर्न लाईनवर चॉक फार्म स्टेशनला उतरले की थोड्या अंतरावर किंग हेन्रीज रोड लागतो. झाडांचा, शांत, सुखवस्तू लोकांचा रस्ता. येथे १० क्रमांकाच्या घरात बाबासाहेब १९२१-२२ मध्ये राहिले. बाहेर तसा फलक आहे.

थोडा इतिहास सांगितला पाहिजे. १९१६ मध्ये बाबासाहेब अमेरिकेतून लंडनला आले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इन या दोन्ही ठिकाणी त्यांनी नाव घातले. पण बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये अर्धवट अभ्यास टाकून परतावे लागले. मग मुंबईत सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसे साठविले, शाहू महाराजांची मदत झाली, नवल भथेना या पारशी मित्राने कर्जाऊ रक्कम दिली, आणि १९२० मध्ये ते पुन्हा निघाले. १९२१ मध्ये एम.एस्सी., १९२२ मध्ये बॅरिस्टर आणि १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधासाठी डी.एस्सी. अर्धपोटी राहून, रात्री पापड भाजून खाऊन केलेला हा अभ्यास.

हे घर विक्रीला निघाले तेव्हा महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये ते ३० लाख पौंडांहून अधिक किंमत देऊन विकत घेतले. त्याच वर्षी १४ नोव्हेंबरला पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. पण पुढची हकिकत पुष्कळांना माहीत नाही. राहत्या घराचे संग्रहालय करायचे तर तिकडे नगरपालिकेची परवानगी लागते. २०१८ मध्ये कॅम्डेन नगरपालिकेने ती नाकारली. काही शेजाऱ्यांची तक्रार होती की माणसांची गर्दी आणि गोंगाट होतो. घर पुन्हा राहण्यासाठीच वापरा, असा आग्रह होता. त्याविरुद्ध अपील झाले, २०१९ मध्ये चौकशी झाली, आणि मार्च २०२० मध्ये ब्रिटिश सरकारच्या मंत्र्याने परवानगी दिली. म्हणजे हे स्मारक टिकले ते कायदेशीर मार्गाने, कागदपत्रे आणि साक्षी मांडून.

म्हणून तेथे जाणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे. रस्त्यात मोठ्याने बोलू नका, घोषणा देऊ नका, शेजाऱ्यांच्या दारापुढे फोटोसाठी गर्दी करू नका. आत छायाचित्रे आहेत, पुस्तके आहेत, त्यांच्या खोलीची कल्पना यावी अशी मांडणी आहे. अभिप्रायाच्या वहीत दोन ओळी लिहून शांतपणे बाहेर पडा. जाण्यापूर्वी उघडण्याची वेळ पाहून घ्या. येताना जवळच्या प्रिमरोझ हिल टेकडीवर चढा. तेथून सारे लंडन दिसते, त्याला पैसे पडत नाहीत.

लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स ऑल्डविच भागात आहे. तेथे बाबासाहेबांचा अर्धपुतळा आहे. वकिलांचे ग्रेज इन तेथून चालत जाण्याच्या अंतरावर. त्या संस्थेने २०२१ मध्ये आपल्या एका दालनाला डॉ. आंबेडकरांचे नाव दिले. आत सहसा सोडत नाहीत, पण बाग कामाच्या दिवशी दुपारी लोकांसाठी उघडी असते. डबा खायला उत्तम जागा.

पार्लमेंट, राजवाडे आणि मताचा अधिकार

थेम्स नदीच्या काठी पार्लमेंटची इमारत. जुनी इमारत १८३४ मध्ये जळाली, त्यानंतर ही बांधली. जुन्यापैकी वेस्टमिन्स्टर हॉल उरला, तो १०९७ चा. घड्याळाच्या मनोऱ्याला सगळे बिग बेन म्हणतात, पण बिग बेन हे आतल्या १३.७ टनांच्या घंटेचे नाव. मनोऱ्याचे नाव २०१२ पासून एलिझाबेथ टॉवर. समोरच्या चौकात नेल्सन मंडेला यांचा पुतळा २००७ मध्ये, महात्मा गांधींचा २०१५ मध्ये, आणि स्त्रियांच्या मताधिकारासाठी झगडणाऱ्या मिलिसेंट फॉसेट यांचा २०१८ मध्ये बसविला. त्या चौकातला हा पहिला स्त्रीचा पुतळा.

येथे एक हिशेब मांडावासा वाटतो. या देशात मताचा अधिकार तुकड्या तुकड्याने मिळाला. १८३२ मध्ये थोड्या पुरुषांना, पुढे आणखी थोड्यांना, १९१८ मध्ये तीस वर्षांवरील काही स्त्रियांना, आणि १९२८ मध्ये सर्व स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने. म्हणजे जवळजवळ शंभर वर्षे लागली. त्याच १९२८ मध्ये बाबासाहेब सायमन कमिशनपुढे प्रौढ मताधिकार मागत होते. आपल्या संविधानाने तो सर्वांना एकदम दिला. गिरणीतला कामगार, शेतात राबणारी बाई, गावकुसाबाहेरचा माणूस, सर्वांना एकाच दिवशी.

बकिंगहॅम राजवाडा बाहेरून पाहावा आणि पुढे जावे. त्यापेक्षा जवळच्या सेंट जेम्सेस राजवाड्यापुढे थोडे थांबावे. विटांची साधी, जुनी इमारत. आत जाता येत नाही. पण गोलमेज परिषदेचे कामकाज येथे झाले. १२ नोव्हेंबर १९३० रोजी हाऊस ऑफ लॉर्ड्सच्या दालनात बादशहाने परिषदेचे उद्घाटन केले, आणि पुढच्या बैठका येथे भरल्या. अस्पृश्य समाजाचे प्रतिनिधी म्हणून बाबासाहेब आणि रावबहादूर श्रीनिवासन येथे बोलले. आम्ही रस्त्यापलीकडून ते दार पाहिले. बाहेर टोपीवाला शिपाई उभा असतो, सगळे त्याचाच फोटो काढतात.

टॉवर ऑफ लंडन

इंग्लंड जिंकणाऱ्या विल्यमने अकराव्या शतकात बांधायला घेतलेला हा किल्ला. तुरुंग, टाकसाळ, शस्त्रागार, सर्व काही होऊन गेले. राणी ॲन बोलिनचा शिरच्छेद १५३६ मध्ये येथेच झाला. आता राजघराण्याचे जडजवाहीर येथे ठेवलेले असते. त्यातल्या एका मुकुटात कोहिनूर आहे. १८४९ मध्ये पंजाब खालसा झाला तेव्हा दहा वर्षांच्या दुलीपसिंगाकडून तहाच्या कलमाने तो घेतला. मुळात १८६ कॅरेटचा हिरा पुन्हा पैलू पाडताना सुमारे १०५ कॅरेटचा राहिला. २०२३ च्या राज्याभिषेकात राणीने तो मुकुट घातला नाही, दुसराच घातला.

टॉवरचे तिकीट माणशी तीस पौंडांहून अधिक आहे. मला विचाराल तर ज्यांचे पैसे बेताचे आहेत त्यांनी बाहेरून भिंती पाहाव्यात, शेजारच्या टॉवर ब्रिजवरून चालत जावे, तो १८९४ चा आहे आणि चालायला पैसे नाहीत. वाचलेल्या पैशांत ग्रीनिचला जावे. तेथे १६७५ ची वेधशाळा आहे आणि जगाचे शून्य रेखावृत्त आहे. १८८४ पासून जगाची घड्याळे या रेषेवरून लावली जातात. आपण तिच्यापेक्षा साडेपाच तास पुढे.

साध्या माणसांची दोन ठिकाणे

ही दोन ठिकाणे प्रवासी कंपन्यांच्या यादीत सहसा नसतात, म्हणून मुद्दाम सांगतो.

सेंट पॉल कॅथीड्रलजवळ पोस्टमन्स पार्क नावाची छोटी बाग आहे. तेथे एका पडवीत चिनी मातीच्या फरशांवर नावे लिहिली आहेत. दुसऱ्याचा जीव वाचवताना मेलेल्या सामान्य माणसांची. जी. एफ. वॉट्स या चित्रकाराने १९०० मध्ये हे स्मारक उभे केले. बांधकाम मजुराची मुलगी ॲलिस आयर्स, तिने १८८५ मध्ये जळत्या घरातून तीन मुलांना वाचविले आणि स्वतः मेली. मेरी रॉजर्स ही जहाजावरची नोकर बाई, तिने १८९९ मध्ये बुडत्या जहाजावर आपला जीवरक्षक पट्टा दुसऱ्याला दिला. एकूण ५४ फरशा आहेत. शेवटची २००९ मध्ये लागली, कालव्यात बुडणाऱ्या मुलाला वाचविणाऱ्या एका छपाई कामगाराची. सेनापती आणि राजे यांचे पुतळे लंडनभर आहेत. मजुरांच्या नावांची अशी भिंत मी दुसरीकडे पाहिली नाही.

दुसरे ठिकाण गोदी भागातले डॉकलँड्स संग्रहालय. हेही विनामूल्य. इमारत १८०२ ची, साखरेचे गोदाम. वेस्ट इंडीजच्या मळ्यांत गुलामांनी पिकविलेली साखर येथे उतरत असे. २००७ मध्ये येथे लंडन, साखर आणि गुलामगिरी या विषयाचे दालन उघडले. कोण व्यापारी होते, किती जहाजे गेली, हे सगळे जमाखर्चासारखे मांडले आहे. बी.कॉम. झालेल्या कारकुनाला वही-खात्याची भाषा लगेच कळते. गुलामांचा व्यापार १८०७ मध्ये बंद झाला. गुलामगिरी बंद करण्याचा कायदा १८३३ मध्ये झाला. त्या वेळी नुकसानभरपाई म्हणून दोन कोटी पौंड दिले गेले, आणि ते मळेवाल्या मालकांना. गुलामांना काही नाही. त्या कर्जाचा शेवटचा हिस्सा ब्रिटिश सरकारने २०१५ मध्ये फेडला. गोदामापुढे रॉबर्ट मिलिगन या गुलाम बाळगणाऱ्या व्यापाऱ्याचा पुतळा होता, तो जून २०२० मध्ये काढला. आपले घर स्वच्छ दाखविण्यासाठी जुना केर सतरंजीखाली न ढकलता दालनात मांडण्याची ही रीत आपणही शिकावी.

ग्रंथ आणि चित्रे

सेंट पँक्रसची ब्रिटिश लायब्ररी ज्यांना वाचनाची गोडी आहे त्यांनी चुकवू नये. १२१५ चा मॅग्ना कार्टा येथे आहे. इसवी सन ८६८ मध्ये छापलेले वज्रसूत्र येथे आहे. तारीख दिलेल्या छापील ग्रंथांत हा जगातला सर्वांत जुना. म्हणजे छापखान्याच्या इतिहासात पहिले तारखेचे पान धम्मग्रंथाचे आहे. १९९४ मध्ये या ग्रंथालयाला गांधार देशातील भूर्जपत्रावरील गुंडाळ्या मिळाल्या. पहिल्या शतकातल्या, खरोष्ठी लिपीतल्या. नाजूक असल्याने या वस्तू नेहमी मांडलेल्या नसतात, तेव्हा निराश होऊ नये.

व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमचा तर महाराष्ट्राशी थेट संबंध आहे. १८७२ पासून १८८५ पर्यंत मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी अजिंठ्याच्या लेण्यांत बसून भित्तिचित्रांच्या नकला करीत होते. त्या लंडनला गेल्या. त्यांतल्या बऱ्याच १८८५ च्या आगीत जळाल्या, उरलेल्या या संग्रहालयाकडे आहेत. बहुतेक कोठारात असतात. अजिंठ्यातली काही चित्रे त्यानंतर झिजली, म्हणून या नकलांना आज फार किंमत आहे. याच संग्रहालयात एकेकाळी सारिपुत्त आणि मोग्गलान यांच्या सांचीच्या अस्थी होत्या. १९४७ मध्ये त्या परत दिल्या गेल्या आणि १९५२ मध्ये सांचीला नव्या विहारात ठेवल्या. म्हणजे गेलेले परत येऊ शकते.

जाणाऱ्यांसाठी चार व्यवहाराच्या गोष्टी

भुयारी रेल्वे १८६३ ची, जगातली पहिली. पण बस स्वस्त पडते आणि शहरही दिसते. बसमध्ये रोख पैसे घेत नाहीत, कार्ड लागते. अकरा वर्षांखालील मुलांना मोठ्या माणसाबरोबर बस आणि भुयारी रेल्वे फुकट आहे. नळाचे पाणी पिण्यासारखे असते, बाटली भरून घ्यावी. चपाती-भाजीचा डबा सकाळीच बांधून न्यावा, संग्रहालयांत खाण्याचे दर जास्त आहेत. पायात जुने, सवयीचे बूट घालावेत. आम्ही रोज सात-आठ मैल चाललो. छत्री बारा महिने जवळ ठेवावी. आणि एका दिवसात दोनपेक्षा जास्त ठिकाणे घेऊ नयेत.

ज्यांना जाणे जमणार नाही त्यांच्यासाठी

परत आल्यावर विहारात मी हे सर्व सांगितले तेव्हा मागे बसलेल्या एका आजी म्हणाल्या, "बाबा, आमाला कुटं विमान?" त्यांचे खरे आहे. विमानाचे भाडे आणि व्हिसाची फी आपल्यातल्या बहुतेकांच्या आवाक्याबाहेर आहे. पण एक गोष्ट सांगतो. अमरावतीची सगळी शिल्पे लंडनला गेली नाहीत. चेन्नईच्या एग्मोर येथील शासकीय संग्रहालयात त्यांचा मोठा संग्रह आहे. चेन्नईला आपल्याकडून रेल्वे जाते. खुद्द अमरावतीला स्तूपाची जागा आहे, शेजारी छोटे संग्रहालय आहे. दादरला राजगृह आहे. ज्या माणसाने लंडनच्या वाचनालयात पोट मारून पुस्तके वाचली, त्याने पुस्तकांसाठी बांधलेले ते घर आपल्या लोकलच्या पासात पाहता येते. आपल्यातल्या किती जणांनी मुलांना तेथे नेले आहे, हे ज्याने त्याने मनाशी विचारावे.

भाच्याने परतीच्या दिवशी विमानतळावर विचारले, "मामी, सगळ्यांत काय आवडलं?" मला वाटले देवमासा म्हणेल, नाहीतर किंग हेन्रीज रोडचे घर. ती म्हणाली, "तो चांभार. बायकोपोरांसकट दगड दिला त्यानं." येत्या सुट्टीत आम्ही चेन्नईला जायचे ठरविले आहे. वस्तीतली चार कुटुंबे बरोबर येणार आहेत. ज्यांना यायचे असेल त्यांनी आपल्या भागातही अशीच तुकडी करावी, मुलांच्या हातात वही-पेन द्यावे आणि दगडांवरची नावे वाचायला लावावीत.